पडवीतलं सामान

१२ मे २००६

पहाटे शेजारचे गोविंददादा गेले. आळीत चालू मोटरसायकल माझी एकट्याची, म्हणून सामान आणायला मलाच पिटाळलं. भिवंडीत जाऊन बघतो तर शुक्रवार, बाजाराची सुट्टी. सगळी शटरं खाली. मडकेवाला गावाला गेलेला. बांबूवाला दुकानाच्या वरच राहतो, हाका मारून माझा घसा बसला तेव्हा कुठे खिडकीतून डोकं बाहेर काढलं. साऱ्या मुलखाला कापड पुरवणारं शहर, आणि मला एका मढ्यापुरतं पांढरं कापड मिळेना. शेवटी टेमघरला एका शिंप्याच्या पाया पडून आणलं. बांबूसाठी टेम्पो करावा लागला तो वेगळाच.

परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर. ओट्यावरचे सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच मारलं दादांना. थोरला पोरगा बोलतो, "जनूभाऊ, एवढा येळ? बरफ पण वितळला." मनात म्हटलं, मग जायचं होतंस की तू.

ड्युटीला खाडा.

१५ मे

गोडाऊनवर शेठने केबिनमध्ये बोलावलं. जूनपासून आम्ही सगळे कॉन्ट्रॅक्टवर. काम तेच, खुर्ची तीच, मालाची चलनं तीच लिहायची, पगार मात्र निम्म्यावर. "जमत असेल तर बघा." म्हणजे जमत नसेल तर राहनाळच्या नाक्यावर तुमच्यासारखे खूप उभे आहेत.

ज्या जागी माझी खुर्ची आहे तिथे आमची वालाची पट्टी होती. बाबांनी विकली तेव्हा इकडे कुत्रं फिरकत नव्हतं. ज्यांनी उशिरा विकली त्यांचे बंगले झाले. बाबांना शिव्या देऊन काय उपयोग, ते सुटले.

पोरीचं, प्रणालीचं कॉलेज, तिचा कल्याणचा पास, तिचा क्लास. दुसरं काहीतरी बघायलाच हवं. वडापावची गाडी? नाक्यावर आधीच चार उभ्या. रिक्षा? रात्री दिसत नाही मला नीट.

१७ मे

डोक्यात एक आलंय. लिहायला पण बरं वाटत नाही.

मयताचं सामान. सगळं एका जागी, तयार. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गुलाल, कापूर, गोवऱ्या. हाक मारली की दिलं. आपल्या बाजूला एकाही गावात हे मिळत नाही. माणूस सवड बघून मरत नाही, आणि दुकानदार सवडीनेच उघडतो.

सुमनला सांगितलं. आधी वाटलं तिला मी गंमत करतोय. मग चपातीचं लाटणं हातात तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"घरात मढ्याचं सामान ठेवनार तू? पोरीला स्थळं यायची वेळ आली."

"घरात नाय, पडवीत."

"पडवी काय शेजाऱ्याची हाय?"

तेव्हापासून बोलत नाही. चहा समोर आपटते. अर्धा बशीत.

२१ मे

गोडाऊनवर सिद्धार्थला बोललो. आमच्या लोडिंगवर तो हेड, बुद्धवाड्यातला, डोकं थंड. तो हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. म्हणाला, "कर. लोकांना लागतंय ते तू देणार, त्यात पाप कसलं? आमच्यात मेणबत्त्या लागतात, त्या पण ठेव. आमचे लोक येतील, आम्हाला असली भीती नाय." बरं वाटलं. या गावात एक तरी माणूस.

संध्याकाळी त्याच्याच ओळखीने एका लूमवर गेलो, कापड बघायला. आत तो खडखडाट. लूमच्या शेठला कानात ओरडून सांगावं लागलं. फॉल्टचा माल स्वस्त मिळतो, तो दाखवत होता. ताणा तुटलेला, मध्ये फट पडलेली.

"किस काम के लिए चाहिए?"

"कफन के लिए, शेठ."

त्याने फॉल्टचा तागा बाजूला सारला. पोऱ्याला सांगून चांगला काढायला लावला. कॅल्क्युलेटर घेतलेला तो पण खाली ठेवला. "इसमें मैं नफा नहीं खाता. लागत दे दो, बस."

बाहेर आलो तर माझंच तोंड कडू. तो खात नाही, मग मी जो खाणार तो काय? घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होतो. मला पेट्रोल लागतं. मी झोपेतून उठणार. माझ्या पडवीची जागा अडणार. सगळं खरं आहे, तरी तोंड कडूच.

४ जून

पहिलं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणू नये खरं, पण मग काय म्हणू? पलीकडच्या पाड्यावरचे दोघं भाऊ, बाप गेलेला. सगळं बांधून दिलं. घासाघीस काही नाही, यात कोणी करत नाही. पैसे हातात दिले नाहीत, ओट्याच्या कडेला ठेवले आणि वळले. आणि मी गाढव, गोडाऊनची सवय, तोंडातून गेलंच, "या परत."

थोरल्याने थांबून माझ्याकडे बघितलं. जमीन फाटली असती तर आत गेलो असतो.

सुमनने ऐकलं होतं. कितीतरी दिवसांनी हसली. पदर तोंडाला लावून लावून हसली, मग रडली. आता बोलते.

२ जुलै

चालतंय. चालतंय म्हणताना पण जीभ चावावीशी वाटते. टेमघरहून लोक येतात. बुद्धवाड्यातून दोनदा आले, येऊन सरळ ओट्यावर बसतात, पाणी मागतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. आपले लोक उंबऱ्यापर्यंत पण येत नाहीत, फाटकातून हाक मारतात. "जनूभाऊ, लागतंय रं." बस एवढंच. काय लागतंय ते बोलत नाहीत.

उरलेलं कोणी परत आणत नाही. तशी रीतच आहे.

प्रणालीची फी भरली. तिने विचारलं नाही पैसे कुठून आले. तिला माहीत आहे. कॉलेजात मैत्रिणींना "पप्पांचं दुकान आहे" एवढंच सांगते. कसलं ते नाही सांगत. बरोबर आहे तिचं.

१९ जुलै

आज जे झालं ते लिहून टाकतो, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

पांडूकाका आजारी. न्यूमोनिया. लहानपणी खाडीत पोहायला त्यांनीच शिकवलं मला, शेंडी धरून पाण्यात बुडवायचे. बिस्किटांचा पुडा घेऊन बघायला गेलो. दारात पाय टाकला. काकांनी मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांची सून बाहेर आली, पदर सावरत, हळू आवाजात बोलते, "भाऊ, आमाला सध्या न्हाय लागत काय."

मी बिस्किटं द्यायला आलो होतो गो बाई!

पुडा तिने घेतला नाही. रस्त्यात एका पोराला देऊन टाकला. राग आला, मग लाज वाटली, मग परत राग. जेवलो नाही.

९ ऑगस्ट

राखी. नारळी पौर्णिमा. खारबावहून बाय आली, माझी थोरली बहीण.

आई गेली तेव्हा मी शर्टाची बटणं लावायला पण शिकलो नव्हतो. बायने केलं माझं सगळं. शाळा सोडली तिने, मला शाळेत घालायला. तिचं लग्न झालं तेव्हा टेम्पोच्या मागे मी रस्ताभर धावलो होतो, लोक अजून सांगतात.

फाटकापासून ओट्यापर्यंत येईस्तोवर तिला धाप लागली. पाय सुजलेले. विचारलं तर म्हणते, "वय झाला रं." कसलं वय, माझ्याहून थोडीच मोठी.

पडवीत डोकावून आली. मला भीती, आता काय बोलणार. बोलली काय, "जनू, मेलेल्या चिमनीला हात लावाया घाबरायचास तू. आता बघ गो सुमन, केवढा धीट झाला माझा भाव." आणि माझ्या गालाला हात लावला. घाबरली नाही. तोंड पण वाकडं नाही केलं. राखी बांधली, नारळीभात खाल्ला, डुलकी काढली, गेली.

डॉक्टरला दाखव म्हटलं. दाखवते म्हणाली. म्हणजे नाही दाखवणार.

३० ऑगस्ट

गावच्या गणपतीला आरतीला उभा राहिलो. दरवर्षी मोठ्या आरतीचं ताट थोडा वेळ माझ्या हातात येतं. या वर्षी माझ्या डाव्या माणसाकडून उजव्याकडे गेलं. मी मध्ये होतो.

नंतर प्रसाद खाताना पोरं थट्टेवर. "जनूभाऊ, आमच्याकडं असा काय बघतंस, माप घेतंस काय?" सगळे हसले. मी पण हसलो. काय करणार, रडू तिथे? पण एकाने उंची सांगितली स्वतःची, तेव्हा मात्र उठलो.

२३ सप्टेंबर

बायला कल्याणला ॲडमिट केलं. भाचा नितेशने फोन केला. हृदयाची झडप खराब, पायाला पाणी उतरतं ते त्यामुळेच. ऑपरेशन करायचं तर मुंबईला न्या म्हणतात. भाऊजी काहीच बोलत नाहीत. त्यांच्या घरात म्हातारी बोलते, बायची सासू.

लगेच गेलो. बाय खाटेवर उशीला टेकून बसलेली, ओठ निळसर. मला बघून हसली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिला पण पाणी पाजलं मी. तासभर बसलो असेन.

म्हटलं बाय, पैशाचं टेन्शन नको घेऊ, माझं आता चालतंय. म्हणाली, "तुझा धंदा चालतोय ता आयकून हसू का रडू रं?" दोघं हसलो.

२५ सप्टेंबर

शेजारच्या खाटेवरची म्हातारी गेली, मी येऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

नितेश फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मामा, राग नको मानू. आजी बोलते, तू नको येऊ आता."

"त्या खाटेवरच्या म्हातारीला मी मारली काय?"

"तसा न्हाय रं मामा."

तसंच आहे.

८ ऑक्टोबर

बायला घरी आणलं. मुंबईला नेणार नाहीत. आधी गोळ्या-औषधाने बघू म्हणतात. मी पैसे देतो म्हटलं तर भाऊजी फोनवर नुसते "हां, हां". नंतर नितेशकडून कळलं, म्हातारी बोलली, तसल्या पैशाचं औषध पोटात कसं लागेल?

दुपारची सुट्टी टाकून शहाळी घेऊन खारबावला गेलो. म्हातारी ओट्यावरच बसलेली, जणू माझीच वाट बघत. आत येऊ दिलं नाही. ओरडली पण नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पण ओरडलो असतो. हात जोडले तिने. म्हणाली, "माझी सून वाचू दे रं बाबा. तू फोनवर बोल तिच्याशी." शहाळी पण ओट्यावरच राहिली.

आतून बायचा खोकला ऐकू येत होता. मी हाक मारली, "बाय!" उत्तर आलं नाही. ऐकू गेली नसेल.

१७ ऑक्टोबर

नितेशचा फोन. भाऊबीजेला ये म्हणतो. सणाचं कोण अडवत नाही, आजी पण तयार झाली. एवढा आनंद झाला की गोडाऊनमध्ये सिद्धार्थला चहा पाजला. सगळ्या हमालांना पाजला.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज

माझ्यासारखा मूर्ख या तालुक्यात दुसरा नसेल.

सुमन आपल्या भावाकडे गेलेली. साडी मी एकट्यानेच घेतली काल, बाजारातून. दुकानदाराने ढीग टाकला समोर. बायला हिरवा रंग आवडतो, लहानपणापासून. हिरवी घेतली, जरीचे काठ. बॉक्समध्ये बांधून घेतली.

पाटावर बसलो. बायला दोघींनी धरून आणलेलं, पण ओवाळायला उभी राहिली. चेहरा उजळला होता तिचा. मी बॉक्स उघडून साडी ताम्हनाजवळ ठेवली.

सगळे साडीकडे बघत राहिले. मला वाटलं रंग नाही आवडला.

मग लक्षात आलं. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेराहून येते. हिरवी. हे मला कोणी सांगायला हवं होतं? लोक सामान न्यायला येतात तेव्हा मीच विचारतो, माहेरचं कापड आलं का? मीच! आणि तीच साडी आजारी बहिणीपुढे मांडून बसलो.

मला वाटलं आता म्हातारी सुरू होणार.  बायनेच निरांजन खाली ठेवलं.  माझ्याकडे न बघता बोलली, "जनू, तू जा आता. ती पन घेऊन जा."

बाय बोलली. म्हातारी बोलली असती तर मी सहन केलं असतं. बाय घाबरली मला. माझी बाय.

साडी कपाटात, खालच्या कप्प्यात टाकली. येताना वाटेत गाडी थांबवून खूप रडलो. इथे लिहून काय होणार आहे.

२९ ऑक्टोबर

पडवीला कुलूप लावलं. सिद्धार्थला सांगितलं, सामान कोणाला हवं असेल तर देऊन टाक. तो म्हणाला, "घाई करू नको." मी त्याच्यावर खेकसलो. त्याला काय माहीत, त्यांच्यात असलं काही नाही. नंतर वाईट वाटलं, तो बिचारा भल्याचंच सांगत होता.

नितेशला फोन करून सांगितलं, बंद केलं रे बाबा, आजीला सांग, बायला सांग. तो म्हणाला सांगतो.

१ नोव्हेंबर

नितेशचा फोन आला नाही. मीच केला.

"आजी बोलते, बंद केला तरी मानूस तोच."

"आणि बाय? बाय काय बोलते?"

"आई काय बोलत न्हाय, मामा. झोपून असते."

१० नोव्हेंबर

पांडूकाका गेले. सकाळी त्यांचा मुलगा फाटकात. "जनूभाऊ, लागतंय रं." मी म्हटलं बंद केलं. तर हा माझ्यावर चढला! आम्ही आता कुठं जायाचा, शुक्रवार हाय, तुझी काय जबाबदारी हाय का न्हाय, माझा बाप पडलाय आणि तुला नखरे सुचतात. याच घरातून मला बिस्किटाच्या पुड्यासकट हाकललं होतं. सुनेने तर मला बघून देव आठवले होते.

दोन शिव्या मी पण दिल्या. मग चावी आणली. ज्यांनी पोहायला शिकवलं त्यांना कसं नाही म्हणू? पैसे घेतले नाहीत. स्मशानात सगळ्यात मागे उभा राहिलो.

२२ नोव्हेंबर

सुमनशी कडाक्याचं भांडण.

मी ड्युटीवर असताना लूमवरचे भैये आले होते, त्यांच्यातल्या एकाची बायको गेली. माणसं सगळी परमुलखातली, इथे कोणी नाही. सुमनने पडवी उघडून सामान दिलं. दिलं तर दिलं. पण ते म्हणाले, "भाभी, साड़ी भी चाहिए, इसकी सब फटी हुई है." आणि सुमनने कपाटातली ती हिरवी काढून दिली.

"बायची साडी दिलीस तू?"

"दिली. मुद्दाम दिली. ज्या कामाची म्हणून सगळे तिला बघत होते, त्या कामाला गेली ती. आता बायवरचं टळलं."

मी तोंडाला येईल ते बोललो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "घरात ठेवली असती तर रोज कपाट उघडून बघत बसला असतास तू. मी बघितलाय तुला." खरं आहे. बघत होतो.

ज्या बाईच्या अंगावर ती गेली तिचं नाव पण आम्हाला माहीत नाही. सुमनने विचारलं नाही. टळलं असेल? टळू दे. मी पण आता असंच बोलायला लागलो, म्हातारीत आणि माझ्यात काय फरक राहिला.

१७ डिसेंबर

खारबाव. नितेशला पण सांगितलं नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे बाकड्यावर बसलो, तोंडाला मफलर. चोर असल्यासारखा. चहावाला दोनदा विचारून गेला, कोणाकडे आलात.

ऊन वर आल्यावर बायला ओट्यावर आणून बसवलं. केवढीशी झालीय. गोधडीत गुंडाळलेली, नुसता चेहरा. कितीतरी वेळ बघत बसलो. म्हातारी तिला चमच्याने काहीतरी भरवत होती, मायेने भरवत होती, खोटं कशाला बोलू. तोंड पुसत होती.

मग बायने मान वळवली. मफलर असला तरी माझं बसणं ओळखलं असणार तिने. हात वर केला. हळूच, गोधडीबाहेर.

ये म्हणत होती की जा, कळलं नाही. खूप लांब होतो. मी उठून उभा राहिलो, तेवढ्यात म्हातारी तिला घेऊन आत गेली.

घरी आल्यावर सुमनला हात करून दाखवला, असा केला की असा? ती म्हणाली, "ये म्हणाली असेल." ती दुसरं काय बोलणार.

१ जानेवारी २००७

प्रणालीने नवीन डायरी आणून दिली, मी म्हटलं जुनीत पानं आहेत अजून. तीच चालवतो.

रोज दुपारी नितेशला मिस्ड कॉल देतो. तो परत एक देतो. म्हणजे आहे तशी आहे. असं ठरलंय आमचं.

सुमनने पडवी परत सुरू केली, मी नको म्हणालो नाही. प्रणालीची परीक्षा फी यायची आहे. आता लोक तिलाच हाक मारतात, "वैनी, लागतंय." काल तिच्या हळदीकुंकवाच्या बायकांतली एक रस्ता ओलांडून पलीकडून गेली. सुमन सांगत होती आणि भाजी निवडत होती.  मला माहीत आहे पुढे काय काय होतं ते.

१२ जानेवारी

मिस्ड कॉलला उत्तर यायला उशीर झाला आज. तोवर माझी दोन चलनं चुकली. शेठ ओरडला.

आलं पण.

१९ जानेवारी

गाडी यायला थोडा वेळ आहे. बसवत नाही, म्हणून लिहितो.

दुपारी मी मिस्ड कॉल द्यायच्या आधीच नितेशचा फोन आला. वाजतच राहिला, कट नाही केला त्याने. उचलला.

"मामा, ये."

"बाय कशी हाय?"

"तू ये. आजी बोलली, मामाला येऊ द्या आता."

सप्टेंबरपासून हेच ऐकायचं होतं मला. म्हातारी असं बोलेल, मग मी कसा जाईन, काय नेईन, बायजवळ कुठे बसेन, सगळं मनात करून झालंय. आणि आता ऐकलं तर गोडाऊनच्या पायरीवरच बसलो. म्हातारी उगाच दार उघडणारी नाही.

पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पोराला सांगावं लागलं असतं. त्याने पण फोन ठेवला नाही. मागे बायकांचे आवाज येत होते. रडत होत्या असं नाही. बोलत होत्या.

सिद्धार्थ म्हणाला, तुझा हात गाडीवर नको, मी नेतो. तो पेट्रोल भरायला गेलाय.

सुमन पडवीची चावी घेऊन उभी आहे. विचारत नाही, पण उभी आहे. मी म्हटलं, "नको. आधी मी तसाच जातो." ती म्हणाली, "आणि लागला तर? खारबावला आता कुठं मिळंल?" बरोबर आहे तिचं. लागलं तर सिद्धार्थला परत पाठवीन, तासभर थांबेल सगळं, लोक काय बोलायचं ते बोलू देत. शहाळं पण नको, पिशवी पण नको, काही नको. बायचे डोळे उघडे असतील तर ती आधी माझ्या हातांकडेच बघणार.

हॉर्न वाजला. चपला कुठे काढल्या ते आठवत नाही.